मेंढ्या कुणी राखल्या होत्या?

अगं, तुझा मेसेज वाचला. त्यात दोन गाऱ्हाणी आहेत. पहिलं तू सविस्तर मांडलंयस. एम.ए.ला मिल्टनचं ‘लिसिडस’ हे शोकगीत लागलंय आणि ते तुला ढोंगी वाटतंय. मिल्टन काय आणि त्याचा तो बुडालेला मित्र काय, दोघंही केंब्रिजात लॅटिन घोकत होते, मग कवितेत हे मेंढपाळ कुठून उपटले, मेंढ्या कुणी राखल्या होत्या, असं विचारतेस. दुसरं गाऱ्हाणं शेवटच्या दोन ओळींत उरकलंस. तुमच्या वर्गातला मुलगा गेला, विभागाच्या वार्षिक अंकात त्याच्यावर तू लिहायचंस असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं, आणि तू तर त्याच्याशी कधी धड बोललीही नव्हतीस. ‘ताई, खोटं कसं लिहू?’

मला ही दोन्ही गाऱ्हाणी एकच वाटतात. म्हणून आधी मिल्टनचं बोलू. तुझ्या लेखाकडे त्याच वाटेने जाऊ.

तुझ्या पहिल्या शंकेचं मला कौतुक वाटलं, कारण तीच शंका डॉक्टर जॉन्सननेही घेतली होती. इंग्रजी कवींची चरित्रं त्याने १७७९ ते १७८१ या काळात प्रसिद्ध केली. त्यातल्या मिल्टनवरच्या भागात तो ‘लिसिडस’वर तुटून पडतो. त्याचा मुद्दा साधा आहे. खरं दुःख झालेला माणूस जुने पौराणिक दाखले हुडकत बसत नाही, झुडपांवरची फळं खुडत फिरत नाही. कल्पना लढवायला ज्याला सवड आहे, त्याला दुःख बेताचंच असणार. आणि या दोघांनी कधी कळप रानात हाकला नाही न् राखलाही नाही, हे त्याला ठाऊक होतंच. परीक्षेत जॉन्सनला मूर्ख ठरवायच्या मोहात पडू नकोस. त्याची माहिती बरोबर होती. मिल्टनला दुःख बेताचंच होतं, हेही बहुधा बरोबर होतं. पण ते नक्की कशाचं होतं, हे त्याने विचारलं नाही.

आधी घडलं काय ते बघ. एडवर्ड किंग हा केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजचा फेलो. मिल्टनपेक्षा वयाने लहान, पण ती फेलोशिप १६३० साली त्याला राजाच्या हुकमाने मिळालेली. मिल्टनला ती मिळाली नव्हती. पुढे किंग धर्मगुरू व्हायचा होता. १० ऑगस्ट १६३७ रोजी तो चेस्टरहून डब्लिनला जहाजाने निघाला असताना वेल्सच्या किनाऱ्याजवळ जहाज खडकावर आपटलं आणि तो बुडाला. वय पंचविशीचं. कॉलेजातल्या लोकांनी ठरवलं की त्याच्या स्मरणार्थ पुस्तक काढायचं. (तुमच्या विभागासारखंच, बघ.) पुस्तक १६३८ साली आलं. त्यात लॅटिन आणि ग्रीक कवितांचा एक भाग आहे आणि १३ इंग्रजी कवितांचा दुसरा. त्या १३ मधली शेवटची मिल्टनची, खाली फक्त नावाची आद्याक्षरं.

किंग आणि मिल्टन जिवलग होते असा पुरावा नाही. एका कॉलेजातले, एकमेकांना ओळखणारे, इतकंच. म्हणजे मिल्टनलाही ‘तुझं चांगलं आहे, तू लिही’ म्हणूनच लिहायला लावलं असणार. तो तेव्हा २८ वर्षांचा. केंब्रिजमधून बाहेर पडून पाच वर्षं झालेली, नोकरी नाही, लग्न नाही, बापाच्या घरी राहून वाचन चाललेलं. मोठा कवी व्हायचं हे मनात पक्कं, छापलेलं मात्र फारच थोडं. अशा माणसाला बातमी कळते की आपल्यासारखाच शिकलेला, आपल्याहून लहान मुलगा समुद्रात गेला. सगळी तयारी करून ठेवलेला मुलगा.

आता कवितेची सुरुवात पुन्हा वाच. लॉरेल, मर्टल, आयव्ही या कवींच्या मुकुटाच्या वनस्पती. त्यांची फळं अजून कच्ची आहेत, तरी मला ती ओरबाडावी लागताहेत, असं तो म्हणतो. जॉन्सनला ज्या फळांचा राग आला ती हीच. पण ती शोभेची नाहीत गं. तो सांगतोय की मी अजून तयार नाही, आणि या मृत्यूने मला वेळेआधी लिहायला लावलंय. पुढे तो सरळ विचारतो की रात्रंदिवस घासून कविता करायची कशासाठी. बाकीच्यांसारखी मजा का करू नये, जर फळ हाताशी येण्याच्या वेळी कुणी आंधळी देवता कात्री घेऊन येणार असेल आणि धागा कापणार असेल? तिथे किंग कुठे आहे? मिल्टन स्वतःबद्दल बोलतोय, घाबरून बोलतोय. मेंढपाळाचा पोशाख नसता तर, शोकगीतात स्वतःची रड काय घेऊन बसलास म्हणून लोकांनी त्याला झापलं असतं. मेंढपाळाला गायला मुभा असते.

आणखी एक सांगते, हे आपल्या दोघींतच ठेव. किंग बुडाला त्याच वर्षी, १६३७ च्या एप्रिलमध्ये, मिल्टनची आई वारली. हॉर्टनच्या चर्चमध्ये तिचं थडगं आहे. तिच्यावर मिल्टनची एकही कविता नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. आपली आजी गेली तेव्हा मी लिहीन असं सगळ्यांना वाटलं होतं, आठवतं? माझ्याकडून ओळ आली नाही. आणि त्याच वर्षी कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांवर मी दोन पानं लिहिली. त्यांच्याशी माझा संबंध फक्त पेपर तपासण्यापुरता. ती दोन पानं चांगली उतरली होती, कारण त्यात निम्मी आजी होती. कुणाला कळलं नाही. ‘लिसिडस’मध्ये मिल्टनची आई आहे असं मी वर्गात कधी म्हणणार नाही, पुरावा नाही. तुझ्याशी बोलताना म्हणते.

तुमच्या गाइडमध्ये मेंढपाळी शोकगीत या प्रकाराची लक्षणं क्रमांक घालून दिलेली असतील. काव्यदेवतेला आवाहन, सृष्टीचा शोक, रक्षण करणाऱ्यांना जाब, शोक करणाऱ्यांची रांग, फुलं, मधेच विषयांतर, शेवटी सांत्वन. ती पाठ करण्याआधी, आपल्याकडे कुणी गेलं की घरात काय चालतं ते आठव. लोक समाचाराला येतात. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. जवळ कोण होतं? डॉक्टर वेळेवर आले का? परवापर्यंत तर चांगले हिंडत होते ना? उत्तराने काही बदलणार नसतं. तरी घरातली बाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते आणि सांगता सांगता तिचा आवाज ताळ्यावर येतो. त्या प्रश्नांना आपण ढोंग म्हणत नाही. मिल्टन जलदेवतांना तेच विचारतो की तो बुडाला तेव्हा तुम्ही कुठे होतात. आणि विचारून होतं न होतं तोच स्वतःला थांबवतो. त्या तिथे असत्या तरी काय करणार होत्या? ऑर्फियसची आई तर खुद्द काव्यदेवता, तिलाही आपला मुलगा वाचवता आला नाही. आता परत आईचं म्हणत नाही मी, पण ती इथे आली आहे खरी.

मग चौकशी सुरू होते. समुद्राच्या वतीने लाटांना विचारतात, वाऱ्यांना विचारतात. वाऱ्यांचा राखणदार सांगतो की त्या दिवशी वारा पडलेला होता, पाणी शांत होतं. मग दोष कुणाचा? जहाजाचा. ते म्हणे ग्रहणात बांधलं होतं. अपघाताला कारण सापडेनासं झालं की माणूस कुठे जाऊन पोचतो, हे तुला कुणी सांगायला नको. त्यानंतर केंब्रिजची कॅम नदी म्हाताऱ्याच्या रूपात येते, अंगावर पाणवनस्पतींची केसाळ शाल, डोक्यावर लव्हाळ्याची टोपी. आपला लाडका मुलगा कुणी नेला, एवढंच ती विचारते. कॉलेजच्या वतीने बोललेल्या त्या एका वाक्यात मला शोकसभेतले सगळे प्राचार्य दिसतात. थोडे हास्यास्पद, थोडे खरे.

आणि मग येतो सेंट पीटर, हातात सोन्याची आणि लोखंडाची अशा दोन किल्ल्या. इथे मेंढपाळाचं सोंग अचानक धारदार होतं. ख्रिस्ती धर्मात पुरोहित हा मेंढपाळ आणि श्रद्धाळू हा कळप, ही प्रतिमा आधीपासूनच आहे. किंग पुरोहित होणार होता. पीटर म्हणतो की असा चांगला गेला, आणि उरलेत ते कसे? नुसते पोटासाठी वाड्यात घुसणारे, काठीही धड धरता न येणारे. मेंढ्या उपाशी तोंड वर करून बघतात आणि यांच्याकडे द्यायला काही नाही. हे १६३७ साली लिहिणं म्हणजे खेळ नव्हता. त्याच वर्षी ३० जूनला लंडनमध्ये प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक या तिघांचे कान भर चौकात कापले होते, बिशपांविरुद्ध लिहिलं म्हणून. मिल्टनने तोच राग मेंढ्यांच्या गोष्टीत घातला आणि तो केंब्रिजच्या स्मरणग्रंथात छापूनही आला. १६४५ च्या कवितासंग्रहात, बिशपांची सत्ता मोडल्यावर, त्याने कवितेच्या माथ्यावर चार ओळी वाढवल्या आणि भ्रष्ट धर्माधिकाऱ्यांचा नाश आपण इथे आधीच सांगितला होता, असं उघड म्हटलं. मेंढपाळ काय कामाचे, हा तुझा प्रश्न होता ना?

पण मला या कवितेत सगळ्यात जास्त पटते ती जागा वेगळीच आहे. पीटर गेल्यावर मिल्टन दऱ्याखोऱ्यांतली फुलं बोलावतो, एकेकाचं नाव घेऊन, लिसिडसच्या, म्हणजे किंगच्या, शवपेटीवर वाहायला. लांबलचक, सुंदर यादी. ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात त्याच्या हातची प्रत आहे, त्यावरून कळतं की हा भाग त्याने खोडून, पुन्हा लिहून घडवलाय. आणि यादी संपते तिथेच तो म्हणतो की ही आपण मनाची समजूत घालतोय. शवपेटी कुठली? देह समुद्रात आहे. वर उत्तरेला हेब्रिडीज बेटांपाशी असेल, की खाली कॉर्नवॉलच्या टोकाशी, कुणाला माहीत. रूढीने मागितलेली फुलं त्याने दिली, पूर्ण मन लावून दिली, आणि मग ती वाहायला काही नाही हेही त्याच दमात सांगितलं. जॉन्सनसाहेब, हे ढोंग असतं तर तो यादीवरच थांबला असता.

आता मुळाशी जरा धावती भेट देऊ, कारण पेपरात ते येणारच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या थिओक्रिटसने डाफ्निस नावाच्या गुराख्यावरचा विलाप लिहिला. त्यात गंमत अशी की विलाप गाणारा थिर्सिस आपणहून रडत नाही. एक शेळीपाळ त्याला म्हणतो, ते डाफ्निसचं गाणं म्हण, मी तुला कोरीव प्याला देतो आणि जुळ्यांची आई असलेल्या शेळीचं दूध काढू देतो. म्हणजे सांगितल्यावरून, बक्षिसासाठी गायलेला शोक. हा प्रकार जन्मापासूनच असा आहे आणि त्याने ते कधी लपवलं नाही. पुढे बायनने अडोनिसवर लिहिलं. आणि बायन गेल्यावर त्याच्यावर कुणी लिहिलं. ती कविता मॉस्कसच्या नावावर चालते, पण लिहिणारा दुसराच कुणी इटलीकडचा होता. कवीने कवीवर रडायची चाल तिथे पक्की झाली. बागेतली शेपूसुद्धा मरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवते, माणूस एकदा झोपला की झोपला, असं त्यात येतं. शेपू वाचून तुला हसू येईल. येऊ दे. सांत्वनाचं वळण दिलं व्हर्जिलने. त्याच्या पाचव्या गोपगीतात एक जण डाफ्निससाठी रडतो आणि दुसरा त्याला देव झालेला पाहतो. इंग्रजीत हे सगळं स्पेन्सरने आणलं, १५७९ मध्ये ‘शेफर्ड्स कॅलेंडर’च्या नोव्हेंबर भागात. नंतर फिलिप सिडनीसाठी ‘अॅस्ट्रोफेल’ १५९५ मध्ये. त्याच पुस्तकात सिडनीच्या बहिणीच्या तोंडचा एक विलाप आहे. तो खुद्द मेरी सिडनीचा की स्पेन्सरचा, यावर विद्वान भांडत असतात. मी मेरीच्या बाजूने आहे, आणि त्याला माझ्या इच्छेपलीकडे आधार नाही. या सगळ्या कुळात मेलेले बहुतेक पुरुष, लिहिणारे पुरुष, आणि बायका फक्त केस सोडून रडणाऱ्या जलदेवता. एक तरी बहीण बोलती असावी.

सृष्टी रडते हे तुला खटकलं असेल तर मात्र मी ऐकून घेणार नाही. ‘शाकुंतल’चा चौथा अंक वाचलेल्या मुलीने ही तक्रार करू नये. शकुंतला निघाली की हरिणींच्या तोंडचा घास गळतो आणि वेली पिकली पानं ढाळतात, तेव्हा आपण डोळे पुसतो. कॅम नदी रडली की हसतो. हा पंक्तिप्रपंच झाला.

शेलीचं ‘अडोनेस’ तुला जास्त आवडेल, आणि म्हणूनच सांभाळून वाच. कीट्स २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोममध्ये क्षयाने वारला, वय २५. शेली तेव्हा पिसामध्ये होता. दोघांची ओळख होती, मैत्री म्हणावी इतकी नव्हती. आदल्या वर्षी शेलीने त्याला पिसाला राहायला बोलावलं होतं. कीट्स आला नाही. बातमी कळल्यावर शेलीने ५५ कडव्यांची कविता लिहिली आणि त्याच वर्षी पिसातच छापून घेतली. कीट्सच्या ‘एन्डिमिअन’वर १८१८ मध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त जी वाईट समीक्षा आली तिने त्याचा जीव घेतला, असं शेलीने धरलं. ते खोटं होतं. कीट्सने वैद्यकीचं शिक्षण घेतलेलं, १८२० च्या फेब्रुवारीत खोकल्यात पडलेलं रक्त पाहून त्याने स्वतःच काय ते ओळखलं होतं. पण क्षयाचा जंतू सापडायला अजून साठ वर्षं होती. शेलीला जाब विचारायला समोर कुणीतरी हवं होतं, आणि समीक्षक हाताशी होता.

या कवितेत कळप आहे, पण मेंढ्या नाहीत. कीट्सचे स्वतःचे विचार आणि स्वप्नं हाच त्याचा कळप, आणि धनी गेल्यावर तो भरकटतो. ही कल्पना मला फार आवडते. मग रांग येते. बायरन येतो, आयर्लंडहून टॉमस मूर येतो, आणि त्यांच्यामागे एक दुबळा, जखमी, आपल्याच विचारांनी पाठलाग केलेला माणूस येतो. तो शेली स्वतः. तिथे मला त्याचा कंटाळा येतो, स्पष्ट सांगते. इतकी स्वतःची कीव कुणी करू नये, निदान दुसऱ्याच्या मयतीत. पण पुढे तो वाचकाला रोमच्या त्या दफनभूमीत घेऊन जातो, जिथे कीट्सला पुरलं, आणि तिथल्या फुलांना एका बाळाच्या हसण्याची उपमा देऊन जातो. त्याच दफनभूमीत शेलीचा तीन वर्षांचा मुलगा विल्यम १८१९ मध्ये पुरलेला. नाव घेत नाही तो. ५५ कडव्यांत बाळाचं तेवढंच एक हसू. बाकीच्या सगळ्या गडगडाटापेक्षा मला ते जड वाटतं.

शेवटच्या कडव्यात त्याची नाव किनाऱ्यापासून दूर, वादळाकडे लोटली जाते. पुढच्या वर्षी ८ जुलैला शेली खरंच बुडाला, वयाच्या २९ व्या वर्षी, आणि प्रेत सापडलं तेव्हा खिशात कीट्सच्या कवितांचं पुस्तक होतं. वर्गात कुणीतरी याला भविष्यवाणी म्हणेलच. तू म्हणू नकोस. त्याला पोहता येत नव्हतं आणि नावेचा भलता नाद होता, एवढं पुरे.

ग्रे आणि टेनिसन या यादीत घालू नकोस, मुलं हमखास घालतात. ग्रेची १७५१ ची एलिजी खेड्यातल्या दफनभूमीत घडते, पण तिच्यात मेंढपाळाचं सोंग नाही आणि मेलेला कुणी एक मित्र नाही. ‘इन मेमोरिअम’मध्ये टेनिसन थडग्यावरच्या गवताची पावरी करून वाजवतो खरा, पण ते तेवढ्यापुरतं. खरा शेवटचा वारस आहे आर्नल्डचं ‘थिर्सिस’, १८६६ चं. आणि तुझ्या लेखाला मिल्टनपेक्षाही तेच जवळचं.

आर्थर ह्यू क्लफ आर्नल्डचा खरा मित्र. रग्बी शाळेपासूनचा, आर्नल्डच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला, मग ऑक्सफर्डला दोघंही ओरिएल कॉलेजचे फेलो. धर्माच्या शंकांपायी क्लफने १८४८ मध्ये फेलोशिप सोडली. पुढे दोघांत अंतर पडत गेलं. १८६१ च्या नोव्हेंबरात क्लफ फ्लॉरेन्सला वारला, वय ४२. त्यावर कविता लिहायला आर्नल्डला वर्षं लागली, आणि लिहिली तीही भांडणाच्या सुरात. तू स्वतःहून गेलास, तुला धीर नव्हता. जूनमधल्या पहिल्या वादळाने बागेतला बहर झडला की आता सगळं संपलं म्हणत निघून जाणाऱ्या कोकिळेसारखा तू अधीर होतास, अजून अख्खा उन्हाळा यायचा होता. गेलेल्या माणसाशी वाद घालता येतो, हे मला या कवितेने शिकवलं.

आणि त्याला रूढीबद्दल तुझ्यासारखीच शंका आहे. सिसिलीच्या गुराख्यांचं बरं होतं, तो म्हणतो. पाताळाची राणी प्रॉसर्पिना त्यांच्या गावची, ती तिथलं पाणी ओळखायची, तिथली फुलं तिने स्वतः खुडलेली. तिच्याकडे रदबदली करता यायची. आमची टेम्स नदी तिने कधी ऐकलीही नाही, कमनरच्या टेकड्यांवरची फुलं तिला काय ठाऊक? म्हणजे हे सगळं व्यर्थ आहे. तरी तो त्या टेकड्यांवर चढतो, दोघांनी तरुणपणी ठरवलेलं एक एल्मचं झाड शोधायला. ते झाड उभं आहे तोवर आपला शोध चालू आहे, असा त्यांचा समज होता. संध्याकाळ होते, झाड सापडत नाही. शिकारीहून परतणारा घोडेस्वारांचा घोळका येतो, त्यांना चुकवायला तो बाजूच्या शेतात पळतो, आणि तिथून अचानक झाड दिसतं, मावळतीवर. जवळ जाता येत नाही, अंधार पडतोय. बास. एवढंच सांत्वन. स्वर्ग नाही, देवत्व नाही. शिकारी आले म्हणून वाट चुकली आणि वाट चुकली म्हणून झाड दिसलं.

पुढे एका पत्रात आर्नल्डने स्वतःच म्हटलंय की स्मृतिकाव्य म्हणून वाचलं तर यात क्लफबद्दल पुरेसं आलेलं नाही. जिवलग मित्रावर लिहिणाऱ्याची ही तऱ्हा! आणि उलटं बघ. मिल्टनचा जो खरा जिवलग, चार्ल्स डिओडाटी, तो १६३८ च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याच्यावरची कविता मिल्टनने इंग्रजीत नाही, लॅटिनमध्ये लिहिली. तीही मेंढपाळाच्याच वेषात. तिच्यात तो कोकरांना पुन्हा पुन्हा सांगतो की घरी जा, उपाशीच जा, आज तुमच्या धन्याला तुमच्याकडे बघायला वेळ नाही. जवळच्या माणसासाठी सोंग जास्तच लागतं, असं दिसतंय. (ऑडनने १९३९ मध्ये येट्सवर लिहिताना हे सगळं उलटं फिरवलं. थंडी, ओस विमानतळ, आणि कवी गेल्याची खबरच नसलेली सृष्टी. पण मेंढपाळांची सवय झाल्याशिवाय त्यातला गारठा लागत नाही. ते नंतर वाच.)

आता तुझा लेख. पहिल्याच परिच्छेदात लिही की तू त्याला फारशी ओळखत नव्हतीस. दुसऱ्यात नको, पहिल्याच. त्यापुढे खोटं लिहायची गरजच उरत नाही. मग रांग लाव. जे ओळखत होते त्यांना एकेक करून आण. खोलीतला जोडीदार, ग्रंथालयात पुस्तकं देणारे काका, ज्याच्याकडे तो चहा प्यायचा तो माणूस. प्रत्येकाला एकच वाक्य दे आणि ते त्याच्याच शब्दांत ठेव, थोडं हास्यास्पद असलं तरी. ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’ लिहायला मी मनाई करणार नाही. मिल्टननेही रूढीतली फुलं वाहिलीच. पण लिहिलंस तर पुढच्याच वाक्यात तपासून बघ, पोकळी नेमकी कुठे पडली. तिसऱ्या बाकावर? मेसच्या हिशोबात? कुठेच पडलेली दिसत नसेल तर तसं लिही. त्याला न ओळखणाऱ्या मुलीला ती कशी दिसणार?

विषयांतर झालं तर होऊ दे. मेसेजमध्ये तू जाता जाता लिहिलं आहेस की त्याचं वय ऐकल्यापासून तुला झोप नाही, आणि नेट परीक्षेचा अभ्यास करायचा तरी कशाला असं वाटतंय. तो तुझा कात्रीचा परिच्छेद. तो काढू नकोस, फक्त लांबवू नकोस. शेलीकडून तेवढं शिक. राग कुणावर आहे का, तेही बघ. असेल आणि खात्री नसेल तर नाव घेऊ नकोस. समीक्षकाने कीट्सला मारलं असं शेली छापून मोकळा झाला आणि ती दंतकथा अजून फिरते आहे. शेवटी सांत्वन आलं तर लिही, नाही आलं तर जिथे पोचलीस तिथे थांब. ते झाडही आर्नल्डला लांबूनच दिसलं.

शब्द आठशेच्या वर जाऊ देऊ नकोस, अंकात कापाकापी होते आणि नेमकं नको ते कापतात. मला रविवारपर्यंत पाठव, विशेषणं मी खोडून देईन. आणि छपाईला जाण्याआधी एकदा त्याच्या घरी पाठव. त्याच्या आईने एखादं वाक्य काढायला सांगितलं तर का म्हणून विचारू नकोस, काढून टाक.